चिमट्यांचा आठवडा

माझ्या आईला ओरडता येत नाही, हा शोध आम्हाला कराटे क्लासच्या तिसऱ्या आठवड्यात लागला.

आधीच्या सव्वीस वर्षांत तो मला लागला नव्हता, कारण माझ्यावर ओरडायची तिला कधी गरजच पडली नाही. ती नुसती बघते. पण मास्तर म्हणाले, चोराकडे नुसतं बघून भागत नाही, त्याला आवाज लागतो. "पोटातून ओरडा," ते म्हणाले. आईने दोन्ही मुठी आवळल्या, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "अहो, जरा थांबता का?"

यात तिचा दोष नाही. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना गोड आवाजात थांबवून ठेवलं. निवृत्त झाल्यावर खात्याने तिची खुर्ची परत घेतली, आवाज परत घ्यायला मात्र विसरलं.

चार महिन्यांपूर्वी बसस्टॉपवर एका माणसाने तिच्या खांद्यावरची पिशवी हिसकावली, तेव्हाही ती त्याच्या पाठीला म्हणाली होती, "अहो, पिशवी राहिली." त्या पिशवीत तिचा जुना चष्मा होता आणि ती माझ्यासाठी विणत असलेल्या स्वेटरची डावी बाही होती. त्या चोराने बाहीचं काय केलं असेल, यावर मी बऱ्याचदा विचार करतो. एकच हात असलेला चोर असेल तर गोष्ट वेगळी.

पण त्या दिवसापासून आई एकटी घराबाहेर पडेना. भीती वाटते असं ती एकदाही म्हणाली नाही. ती म्हणायची, "तू येतोच आहेस तर जाऊन येऊ या." मी येत नसायचो, तरी येतच असायचो. बँकेत, वाचनालयात, तिच्या मैत्रिणींकडे. मैत्रिणींच्या घोळक्यात मी दोन-दोन तास बसायचो. हळूहळू मला गुडघेदुखीतलं बरंच कळायला लागलं. एकदा मी सुट्टी घेतली तर एका मावशींनी निरोप पाठवला, की तो नव्हता, गप्पा रंगल्या नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच ते पत्र आलं.

मी पाणीपुरवठा खात्यात आहे. तक्रार विभाग, खिडकी क्रमांक चार. नवीन मीटरांच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने दुसऱ्या शहरात जायचं होतं, सगळ्या कार्यालयातून एकच जागा, मी तीन वर्षं अर्ज करत होतो, आणि मिळाली! होकार की नकार ते नऊ आठवड्यांत कळवायचं होतं. आमचं खातं घाई करत नाही. मी पत्र तीनदा वाचलं, रेकॉर्डरूममध्ये जाऊन एकटाच थोडा नाचलो, मग मला आई आठवली. मी पत्राची घडी केली आणि ऑफिसात खुर्चीवर कायम टांगलेल्या माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिली. घरी काही बोललो नाही. सांगितलं असतं तर ती "जा की" म्हणाली असती, आणि पुढचे सहा महिने खिडकीत बसून राहिली असती.

तेव्हा हिशेब सोपा होता. नऊ आठवड्यांत आई एकटी बाहेर पडायला लागली, तर मी जाणार. नाहीतर नकार.

हे काम कसं करावं, याचा सल्ला मी इमारतीत विचारला. ही चूक होती. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, पिशवीत वीट ठेवायची, ओढणाऱ्याचा खांदा उतरतो. आईने दोन दिवस वीट घेऊन माझ्याबरोबर फेऱ्या मारल्या आणि तिचाच खांदा उतरायला आला. तिसऱ्या दिवसापासून वीट मी उचलायला लागलो. एक तरुण, धडधाकट माणूस आईला आणि एका विटेला फिरवून आणतो आहे, हे दृश्य आमच्या रस्त्याने आठवडाभर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "विटेने काय होतंय? माणसाची नजर पाहिजे. मी एकदा एका कुत्र्याला नुसत्या नजरेने पळवलं." काकू आतून म्हणाल्या, "ते आपलंच कुत्रं होतं. अजून आलेलं नाही."

शेवटी कराटे. ज्या बॅचमध्ये जागा होती, ती शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये भरायची आणि तिचे मास्तर दिवसा दातांचे डॉक्टर होते. बुटका, शांत माणूस. क्लासमध्येही आणि दवाखान्यातही ते "दुखणार नाही" असंच म्हणायचे, आणि दोन्हीकडे ते अर्धंच खरं असायचं. पहिल्या दिवशी आईने नम्रपणे सांगितलं, "मला मारामारी नको, फक्त बाहेर जाता आलं पाहिजे." मास्तर म्हणाले, "मग मारामारी शेवटी. आधी पडणं, मग ओरडणं, मग पळणं. आणि या सगळ्याच्या आधी बघणं."

"आणि मी?" मी विचारलं. मी नुसता सोबत आलो होतो.

"त्यांना पकडायला कुणी तरी लागेलच," ते म्हणाले आणि माझ्या हातात पांढरा पोशाख ठेवला.

दोन आठवडे आम्ही फक्त पडलो. पुढे, मागे, कुशीवर. हनुवटी छातीला, तळहात मॅटवर फाडकन्. आई सुंदर पडायची. सोफ्यावरून उशी पडावी तशी. मी मात्र पडण्याआधी मागे कोण आहे ते वळून बघायचो आणि त्याला "सॉरी" म्हणायचो, मग पडायचो. मास्तरांनी मला तीन वेळा समजावलं, की हल्ला झाल्यावर माफी हल्लेखोराने मागायची असते.

पण ओरडणं अडलं. मास्तर आईसमोर बसून सवयीने म्हणायचे, "तोंड उघडा. मोठं. अजून मोठं." आणि एकदा तर त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढून आत डोकावलंही. "दाढ बरी आहे," ते म्हणाले, "म्हणजे अडचण दुसरीकडे आहे. घरी सराव करा. रोज पंधरा मिनिटं."

इथून आमच्या इमारतीच्या इतिहासातलं एक सोनेरी पान सुरू होतं.

पहिल्या संध्याकाळी आईने गच्चीच्या दारात उभं राहून "हॅलो!" असा आवाज काढला. शब्द कुठलाही चालतो असं मास्तर म्हणाले होते, आणि तिला हाच सर्वात जवळचा. सातव्या हॅलोला चार मजल्यांतून अकरा माणसं धावत आली. त्यातल्या एकाच्या हातात झारा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी म्हणजे नियमांचा माणूस. त्यांना ओरडण्याबद्दल तक्रार नव्हती, पूर्वपरवानगी नव्हती याबद्दल होती.

"अर्ज करा," ते म्हणाले.

"कशाचा?"

"ओरडण्याचा."

मी सरकारी माणूस आहे, अर्जाला घाबरत नाही. अर्ज दिला. तो परत आला, कारण त्यात आवाजाचं स्वरूप लिहिलं नव्हतं. मी "हॅलो, मध्यम ते तीव्र" असं लिहिलं. मग शेजारच्या तीन घरांची ना-हरकत लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ना-हरकत देताना अट घातली, की बातम्यांच्या वेळी ओरडू नये. शेवटी समितीची बैठक भरली, चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याशी नोटीस लागली:

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की रोज सायंकाळी सहा ते सव्वासहा या वेळेत चारशे दोनमधील बाई ओरडतील. कोणीही घाबरू नये व मदतीस धावू नये. हुकुमावरून."

मी या नोटिशीकडे अभिमानाने पाहिलं होतं. पुढच्या बुधवारी मला ती पाठ झाली. त्या दिवशी आई आंघोळीला गेली होती, मी गच्चीत वाळत घातलेले पोशाख काढायला गेलो, आणि वाऱ्याने दार मागे बंद झालं. कडी आतून पडली. वेळ: सहा वाजून तीन मिनिटं. मी "वाचवा!" म्हणून ओरडलो. खालून जाणाऱ्या मावशींनी वर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि हात हलवला. मी आणखी जोरात ओरडलो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून काका म्हणाले, "आज मुलगा का? सुधारणा आहे. पण पोटातून येत नाही रे!" मी पोटातून ओरडलो. समोरच्या इमारतीतून एकाने टाळ्या वाजवल्या. सव्वासहाला मी थकून गप्प झालो, आणि सहा वाजून सोळा मिनिटांनी मला एक शेवटचं "अहो" म्हणायचं सुचलं, तेव्हा सेक्रेटरी धावत वर आले. मला सोडवायला नव्हे. वेळ संपल्यावर आवाज केल्याबद्दल.

दार आईने उघडलं. ओले केस, हातात टॉवेल. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी ऐकत होते रे. मला वाटलं, माझ्याऐवजी तू सराव करतोयस. किती मायाळू मुलगा, म्हणून मी सावकाश केस धुतले."

पण या प्रकाराने एक गोष्ट झाली. आई त्या रात्री जेवताना एकदम हसायला लागली आणि बराच वेळ हसत राहिली. दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिचा हॅलो असा सुटला, की पलीकडच्या रस्त्यावरच्या एका गाडीचा अलार्म वाजायला लागला. मास्तरांना कळवलं. ते म्हणाले, "दाढ निघाली."

एवढं होऊनही बाहेर जायची वेळ आली की आई म्हणायचीच, "तू येतोच आहेस तर..." सात आठवडे संपले होते. कोट खुर्चीवर होता, पत्र कोटात होतं, आणि मी त्या खिशात हात घालायचं टाळत होतो. पत्राला हात लावला की ते खरं होतं.

आठव्या आठवड्यात मास्तरांनी पट्ट्याची परीक्षा जाहीर केली. पांढऱ्यावरून पिवळा. आणि मग त्यांनी एका डब्यातून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे काढले.

त्यांच्या गुरूंपासून चालत आलेली ही पद्धत. परीक्षेच्या आधीचा आठवडा चिमट्यांचा. प्रत्येक परीक्षार्थीला तीन चिमटे, त्यावर त्याचा हजेरीतला नंबर. सात दिवसांत, कुठेही, केव्हाही, दुसऱ्या परीक्षार्थीच्या कपड्याला त्याच्या नकळत चिमटा लावायचा. लावताना पकडलं तर "पाहिलं!" म्हणायचं, चिमटा मेला. नंतर सापडला तर काढून परत द्यायचा, तोही मेला. पण परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये शिरताना ज्याच्या अंगावर चिमटा असेल, तो बाद. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

"मारणारा मारायच्या आधी जवळ येतो," मास्तर म्हणाले. "तो जवळ येताना जो बघतो, त्याला हात उचलावाच लागत नाही. एक आठवडा बघायला शिका."

आमच्या बॅचमधले वकीलसाहेब लगेच उभे राहिले. "कपडा याची व्याख्या काय?"

"जे अंगावर आहे ते."

"रुमाल?"

"खिशात असेल तर अंगावर."

"खिशात चिमटा असेल तर?"

"तर खिसा तपासायला हवा होता," मास्तर म्हणाले. मी हे वाक्य ऐकलं होतं. मी शपथेवर सांगतो, ऐकलं होतं.

आणखी एक नियम होता, जो मला तेव्हा फक्त गमतीचा वाटला. ज्याला पट्टा आधी, तो वरिष्ठ. वय, नातं, पगार काही नाही. कनिष्ठाने वरिष्ठ दिसला की थांबून, टाचा जुळवून, वाकायचं. हॉलबाहेरसुद्धा.

तो आठवडा! मी इतका जिवंत कधीच नव्हतो. आमच्यात परीक्षार्थी चारच: आई, मी, वकीलसाहेब आणि बालवाडीच्या बाई. या बाई वाकून बोलायच्या, गोड हसायच्या आणि तीस मुलांच्या घोळक्यात कुणाच्या नाकात काय आहे ते पाठमोऱ्या सांगायच्या. मी भिंतीला पाठ लावून चालायला लागलो. दुकानाच्या काचेत मागे बघायला लागलो. लिफ्टमध्ये मी कोपऱ्यात उभा, आई दुसऱ्या कोपऱ्यात, दोघंही हसतमुख. घरी तर विचारू नका. सकाळी आई चहा द्यायला आली की आम्ही कप एका डोळ्याने आणि एकमेकांचे हात दुसऱ्या डोळ्याने बघायचो. रविवारीच मी तिला सोफ्यामागे रांगताना पकडलं.

"पाहिलं!"

"मी सुई शोधत होते."

"हातात चिमटा आहे."

"त्याने शोधत होते," आई म्हणाली. एक चिमटा मेला. दुसरा तिने सोमवारी वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर वापरला, ते आमच्याकडे नियमांवर चर्चा करायला आले होते तेव्हा. त्यांना तो तासाभराने न्यायाधीशांनी दाखवला. तिसऱ्याचं काय केलं, ते मला कळेना.

मंगळवारी आघात झाला. माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत बालवाडीच्या बाई! गोड हसत, हातात पिशवी. मी एका क्षणात बघितलं, ओळखलं, निर्णय घेतला. मास्तरांनी शिकवलेलं सगळं. मी खुर्ची, कोट आणि रांगेतली एकोणीस माणसं जागेवर सोडून मागच्या दाराने रेकॉर्डरूममध्ये पळालो आणि कपाटामागे पाऊण तास उभा राहिलो. परत आलो तेव्हा खिडकी क्रमांक तीनवरचा सहकारी वैतागला होता. तो वजनदार, सुस्त माणूस आहे, वैतागला की अजून सावकाश बोलतो.

"त्या बाई गेल्या. त्यांच्या नळाला पाणी नाही, एवढंच होतं," तो म्हणाला. "तुझ्या रांगेतली सगळी माणसं मी घेतली. एक तक्रार जरा विचित्र आहे, ती तुझ्या ट्रेमध्ये ठेवली. सात दिवसांत निकाली काढायची आहे, बघून घे."

"हो, हो," मी म्हणालो. मी दाराकडे बघत होतो. ट्रेकडे बघायला मला वेळ कुठे होता? मी सजग होतो.

त्या संध्याकाळी खुर्चीवरचा कोट सरळ करताना लक्षात आलं, की महिनाभर लोंबकळणारं मधलं बटण घट्ट झालं आहे. मला बरं वाटलं. माणूस शिस्तीत आला की सगळंच जागेवर येतं, असं मी मनात म्हणालो. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण माझ्या बुद्धीबद्दल कुणाच्या काही कल्पना असतील तर त्या वेळीच मोडाव्यात.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. सोमवार ही पत्राला उत्तर द्यायची शेवटची तारीख. आठवडाभरात आई एकदाही "मी जाऊन येते" म्हणाली नव्हती. रविवारी घरी बसून नकार लिहायचा, असं ठरवून मी कोट अंगावर चढवला आणि तसाच परीक्षेला गेलो. पाठ तपासली, बाह्या तपासल्या, बुटाच्या नाड्यासुद्धा तपासल्या. एकही चिमटा नाही! हॉलच्या दारात शिरताना माझी छाती अशी फुगली होती की ते घट्ट बटण कामी आलं.

मास्तरांनी चिमट्यांची मोजणी केली. वकीलसाहेबांचे तीनही मेलेले, तिन्हींबद्दल ते अपील करणार होते. बालवाडीच्या बाईंचा एक चिमटा वकीलसाहेबांच्या टोपीला अजून होता, ते बाद झाले. माझे तीनही आईने घरीच पकडले होते. मग मास्तरांनी आईला विचारलं, "नंबर सात. तुमचा तिसरा?"

"लावलाय," आई म्हणाली. "मंगळवारी."

सगळ्यांनी सगळ्यांच्या पाठी बघितल्या. मी तर हात वर करून एक गिरकी घेतली.

"आतल्या खिशात बघ," आई म्हणाली.

मी खिशात हात घातला. घडी केलेलं पत्र बाहेर आलं, आणि त्याच्या कोपऱ्याला, नीट, सरळ रेषेत, लाकडी चिमटा. नंबर सात. मंगळवारपासून तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, आणि आज मी तो अंगावर घालून सावधपणे फिरत होतो.

"तुला... हे पत्र... तुला कसं माहीत?"

"अरे शहाण्या, तुझ्या खात्याचा कागद कधी एका प्रतीत निघाला आहे का?" आई म्हणाली. "एक प्रत माहितीसाठी घरच्या पत्त्यावर आली. नऊ आठवडे झाले. मी वाट बघत होते, हा कधी बोलतो ते."

चार वर्षं मी त्या खात्यात आहे. रोज स्वतःच्या हाताने कागदांच्या खाली "प्रत माहितीसाठी" असं लिहितो.

"पण हा कोट ऑफिसात होता!" मी म्हणालो. "तो आजपर्यंत खुर्चीवरून हललाच नाही. घरी लावलाच नाहीस तू. मग तू..."

आणि मग माझ्या डोक्यात उजाडलं. बटण. मंगळवार. ऑफिस आमच्या घरापासून दोन बस बदलून पाऊण तासावर आहे. मी कपाटामागे उभा होतो. माझ्याबरोबर ती आली नव्हती, कारण मी तिथेच होतो, लपून.

"कुणाबरोबर आलीस?"

"बटण तुटायला आलं होतं, ते लावलं," आई म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते, की मला एकदम पडावंसं वाटलं. हनुवटी छातीला, तळहात मॅटवर.

"बाद," मास्तर मला म्हणाले. मग ते आईकडे वळले. "परीक्षा सुरू. ओरडा."

आईने मुठी आवळल्या. डोळे उघडे ठेवले, थेट माझ्याकडे. आणि शाळेच्या काचा हादरल्या: "पाहिलं!"

शेजारच्या मैदानावरचा खेळ थांबला. वकीलसाहेबांची टोपी, चिमट्यासकट, खाली पडली.

सोमवारी मी ऑफिसात गेलो आणि आधी ट्रे उघडला. त्यात खात्याचा छापील तक्रार अर्ज होता, मंगळवारची तारीख, टोकन क्रमांक चौतीस, अक्षर ओळखीचं.

"तक्रारीचे स्वरूप: मुलगा प्रशिक्षणाचा कागद दाबून बसला आहे. कारण विचारल्यास आईकडे बोट दाखवील. आईची ये-जा सुरळीत आहे. पुरावा: ही तक्रार तक्रारदाराने स्वतः, एकटीने, दोन बस बदलून आणून दिली आहे. येताना भीती वाटली. परत जाताना लोकरीच्या दुकानात जायचे असल्याने वेळ मिळणार नाही."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. कशाला वेळ मिळणार नाही, ते दुसऱ्यांदा कळलं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी खिडकी क्रमांक तीनला विचारलं.

"त्या म्हणाल्या, सांगू नका. सुई-दोरा त्यांचाच होता. मला वाटलं, वाढदिवस असेल," तो सावकाश म्हणाला. "शिवाय सात दिवसांच्या आत आहे की. आज सहावा."

मी प्रशिक्षणाचा होकार लिहिला, तीन प्रतींत, आणि तक्रारीवर शेरा मारला: "निवारण झाले." पण आमच्या नियमाप्रमाणे तक्रारदाराने समक्ष येऊन "समाधान झाले" अशी सही केल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. मी घरी फोन केला. आई म्हणाली, "येते." तू येतोच आहेस तर, असं काही ती म्हणाली नाही.

दुपारी ती आली. टोकन घेतलं, रांगेत उभी राहिली. मी खिडकीतून खुणावलं, पुढे ये म्हणून. तिने मान हलवली, तिच्यापुढे आठ माणसं होती. खांद्यावर नवी पिशवी, तिची दोरी अंगावरून तिरकी, मास्तरांनी सांगितली होती तशी. पिशवीतून लोकरीचं टोक बाहेर आलं होतं. जुना रंग मिळाला नसावा. स्वेटर निळा आहे, टोक पिवळं होतं.

तिचा नंबर आला. आता इथे प्रश्न उभा राहिला. ती पिवळ्या पट्ट्याची, मी पांढऱ्या. नियम हॉलबाहेरसुद्धा. मी खुर्चीवरून उठलो, टाचा जुळवल्या आणि खिडकीपलीकडच्या माझ्या आईला कमरेतून वाकलो.

आईने पण हलकेच मान झुकवली, वरिष्ठ झुकवतात तेवढीच. अर्ज ओढून घेतला, "समाधान झाले का" यापुढे पेन टेकवलं, जरा विचार केला आणि लिहिलं: "अंशतः. पडताना अजून सॉरी म्हणतो." खाली सही केली.

"थांब, मी अर्ध्या तासात सुटतो, बरोबर जाऊ," मी म्हणालो.

"मला घाई आहे. डाव्या बाहीला सहा दिवस लागतील, तू आठव्या दिवशी जाणार," ती म्हणाली, वळली, दारात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं आणि गेली. मी काचेतून बघत होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण समोरच्या दुकानाच्या काचेत तिने मला पाहिलं, हे मला पक्कं माहीत आहे.

"पुढचा," मी खुर्चीवर बसत म्हणालो.

पुढचे एक जाडजूड गृहस्थ होते, हातात तीन महिन्यांची बिलं. ते जागचे हलले नाहीत. त्यांच्या मागे रांगेत सव्वीस माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती.

"का हो," गृहस्थ म्हणाले, "त्यांना तेवढं वाकलात. आम्ही काय फुकट पाणी पितो?"

मी उठलो. टाचा जुळवल्या.